डॅशबोर्डमागची डबी

१

कप्तानांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं टेस्टरबाईंना नंतर कितीदा तरी वाटलं. शिवीला उत्तर देता येतं. पण कप्तान अगदी हळू, सभ्य आवाजात म्हणाले, "बाई, डबी परत द्या. मी कुणाला काही बोलणार नाही."

सोमवार होता, सकाळचे दहा वाजले होते. ऐन कामाच्या वेळी फोन करून कप्तानांनी बोलावून घेतलं, म्हणून हातातलं काम टाकून टेस्टरबाई आल्या होत्या. गॅरेज कप्तानांच्या घराच्या खालीच होतं. मध्ये ती गाडी उभी होती: दोनच सीटची, बुटकी, लाल रंगाची, पन्नाशी कधीच उलटलेली आणि तरीही नटून बसलेली. गाडीजवळ कप्तान, आणि त्यांच्या शेजारी जुन्या गाड्यांच्या क्लबाचे सेक्रेटरी. सेक्रेटरी भिंतीपलीकडेच राहायचे आणि कुठल्याही भानगडीत चहाच्या आधी पोचायचे.

टेस्टरबाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त लाइट बिलावर यायचं. गाड्यांचं वायरिंग करताना त्या वीज तपासायचा टेस्टर अंबाड्यात खोचत, त्यावरून गावाने हे नाव ठेवलं आणि वडिलांच्या दुकानासारखंच त्यांनी तेही चालवून घेतलं.

"कुठली डबी?" हे विचारायची गरज नव्हती. तीन दिवस खपून त्यांनी या गाडीच्या डॅशबोर्डचं सगळं वायरिंग नवं केलं होतं. सडलेल्या वायरी काढल्या, डायलमधले मिणमिणते बल्ब काढून एलईडी बसवले, बंद पडलेल्या घड्याळाला नवं यंत्र घातलं. शनिवारी दुपारी बाराला डॅशबोर्डखालची पट्टी बसवायला घेतली, तेव्हा कप्तानांनी खिशातून सिगारेटची जुनी पत्र्याची डबी काढली होती. "ही आत ठेवा, मग पट्टी लावा. तुम्हाला आणि मलाच माहीत."

बाईंनी ठेवली होती. चार स्क्रू लावले होते.

"पट्टीच्या फटीतून बोट घातलं की डबीला लागायचं," कप्तान म्हणाले. "आज सकाळी घातलं. काही नाही. पट्टी जागच्या जागी आहे, स्क्रू जागच्या जागी आहेत. म्हणजे ज्याला काढता-लावता येतं त्यानंच काढली. बाई, काम तुमचं चोख आहे. हे घड्याळसुद्धा बघा, आत्ताच पाहिलं, मिनिटाला बरोबर चालतंय. म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

"डबीत होतं काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

कप्तान जरा थांबले. "हिची अंगठी. माझ्या बायकोची. हिऱ्याची."

सेक्रेटरींनी टेस्टरबाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "संध्याकाळी पाचला क्लबाची बैठक आहे," ते म्हणाले. "नऊ जणांच्या गाड्या बाईंकडे असतात. मला सांगावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

त्या नऊ गाड्यांवर टेस्टरबाईंचं दुकान चालत होतं हे खरंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. जुन्या गाडीचा डॅशबोर्ड उघडायला माणूस देतो तो हातावर विश्वास असतो म्हणून. वडिलांनी चाळीस वर्षं तो सांभाळला होता.

"पाचपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या. "आणि गाडीची किल्ली द्या."

किल्ली घेताना त्यांच्या मनात एक गोष्ट खटकली. शनिवारी त्यांनी डबी हातात घेतली होती, तिरकी करून फटीत सरकवली होती. आत अंगठी असती तर पत्र्यावर वाजली असती. ती वाजली नव्हती. आतून नुसती कागदासारखी सळसळ झाली होती.

२

आरोप झालेल्या माणसाने आधी आपलंच काम तपासावं, हा बाईंचा नियम होता. बहुतेक वेळा चूक तिथेच निघते आणि मग फार बोलावं लागत नाही.

त्या गाडीत बसल्या आणि खाली वाकून पट्टीचे स्क्रू बघितले. चारही घट्ट होते. चारही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत होत्या. आडव्या.

बाई स्वतःशीच "हं" म्हणाल्या. त्यांच्या खाचा नेहमी उभ्या असत. वडिलांची सवय: सगळ्या खाचा उभ्या ठेवायच्या, म्हणजे मागाहून कुणी हात लावला तर कळतं. ज्याने कुणी पट्टी काढली होती त्याला ही सवय माहीत नव्हती. पण वेड्यावाकड्या खाचा त्यालाही सहन झाल्या नव्हत्या. चोरी करतानाही टापटीप, हा चोर जरा निराळाच होता.

मग त्यांनी डॅशबोर्डच्या दिव्यांचं बटण ओढलं.

काही लागलं नाही.

पाच डायल आणि पाचही काळेठिक्कर. चोरीचा आळ आला तेव्हा बाईंना राग आला होता. आता त्यांना लाज वाटली. तीन दिवस मान मोडून केलेलं काम दोन दिवसांत मेलं होतं. त्यांनी घाईघाईने फ्यूज बघितले. शाबूत. हेडलाइट लावले, तर ते लख्ख लागले. म्हणजे वीज होती. हेडलाइटला पोचत होती आणि डायलना पोचत नव्हती.

त्यांची नजर अँमीटरवर गेली. बॅटरीतून वीज बाहेर जातेय की आत येतेय ते हा काटा दाखवतो. इंजिन बंद आणि हेडलाइट चालू, म्हणजे काटा डावीकडे, बाहेर जाण्याच्या बाजूला हवा. तो उजवीकडे झुकला होता. काट्याचं म्हणणं असं की हेडलाइट जळताहेत आणि त्याच वेळी बॅटरी भरतेय.

बाईंनी हेडलाइट बंद केले. काटा मधोमध आला. परत लावले. परत उजवीकडे.

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"सापडलं का काही?" बाहेरून सेक्रेटरींनी विचारलं.

"सीटमागचं कार्पेट उघडते," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघंही इथंच उभे राहा. नंतर कुणी म्हणायला नको की मी काही केलं."

३

या गाडीची बॅटरी इंजिनाजवळ नव्हती. सीटच्या मागे, गाडीच्या तळातल्या खळग्यात होती. त्यावर कार्पेट. कार्पेट कोरं करकरीत होतं, कारण सीटवाल्याने नवी कव्हरं आणि कार्पेट कालच बसवलं होतं. कडेला चिकटवलेला डिंक पक्का वाळला होता. बाईंनी पातं घालून तो सोडवला तेव्हा कापड फाटल्यासारखा आवाज झाला आणि कप्तानांनी डोळे मिटून घेतले.

"बघा," त्या म्हणाल्या. "डिंक कुणी आधी सोडवलेला नव्हता. काल हे चिकटवल्यापासून बॅटरीला कुणाचा हात लागलेला नाही. पटतंय?"

सेक्रेटरींनी वाकून पाहिलं आणि पटल्याचं सांगितलं.

खाली बॅटरी होती. तिच्या एका टोकावरचा, वायर पकडून ठेवणारा क्लॅम्प स्क्रू-ड्रायव्हर घालून फाकवलेला होता. चकचकीत, ताजे ओरखडे.

"हे माझं काम नाही," बाई म्हणाल्या.

"असं चोर म्हणणारच," कप्तान म्हणाले. पण सकाळचा जोर आता त्यांच्या आवाजात नव्हता.

बाईंनी विचारलं ते वेगळंच. "शनिवारी दुपारनंतर गॅरेजमध्ये कोण कोण आलं?"

"मी शनिवारी साडेतीन ते पाच झोपलो होतो. दिवसा शटर उघडंच असतं, गाडीची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते. रात्रीचं कुणी येणं शक्य नाही, माझी खोली या शटरच्या बरोब्बर वर आहे. ते उघडलं की सगळी गल्ली जागी होते. काल दुपारी सीटवाला होता, तीन ते पाच."

"मी शनिवारी साडेचारला आलो होतो," सेक्रेटरी म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. "नवा डॅशबोर्ड बघायला. पण हे झोपले होते, म्हणून ताईंनी वर चहा दिला. गॅरेजमध्ये मी पाऊल टाकलेलं नाही."

"कुठल्या ताई?"

"माझी मुलगी," कप्तान म्हणाले. "शनिवारी येते. तिला यात ओढू नका. तिला यातलं काही कळवायचं नाही, समजलं?"

एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

४

वर स्वयंपाकघरात घर सांभाळणाऱ्या मावशी भांडी पुसत होत्या. खालची बातमी वर कधीच पोचली होती.

"मला नका विचारू बाई," त्या म्हणाल्या. "मी टॉर्चचे सेलसुद्धा शेजारणीकडून बदलून घेते. शनिवारी मी चार ते पाच बाजारात होते. आले तर मोरीतला साबण काळाकुट्ट. म्हटलं साहेबांनी गाडीत हात घातले असणार."

"साहेब तर झोपले होते."

"तेच. उठले तेव्हा हात स्वच्छ होते त्यांचे." मावशींनी एक पेला दिव्याकडे धरून पाहिला. "घरात कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला कळतं. ताई गेले दोन शनिवार येतात आणि कपाटंच आवरतात. कागद न् कागद बाहेर. साहेब कावलेत. पण बोलतील कसे, आवरणं काही गुन्हा नाही."

"दोन शनिवारांआधी काही झालं होतं?"

मावशींनी आठवून पाहिलं. "एक फोन आला होता. कुठल्याशा दवाखान्यातून. ताईंनीच घेतला. त्यानंतर जेवल्या नाहीत नीट."

टेबलावर पेनं, चष्म्याचं घर आणि औषधांच्या बाटल्या मांडल्या होत्या, सगळं काठाला समांतर. भिंतीवर वाण्याच्या सामानाची यादी होती. मावशींनी लिहिलेल्या त्या यादीत लाल शाईने चार ठिकाणी अक्षरं नीट करून ठेवली होती.

"हे कुणी?"

"ताईंनी. शाळेत विज्ञान शिकवतात. चूक दिसली की हात थांबत नाही त्यांचा. मी काही मनाला लावून घेत नाही." मावशी थोड्या घुटमळल्या. "बाई, तुम्ही खाली होतात तेव्हा मी त्यांना 'लगेच या' एवढाच फोन केला. साहेब बोलले होते कळवू नका. पण मला तुमचं बघवेना."

तिथून बाई सीटवाल्याच्या दुकानात गेल्या. दोन गल्ल्या ओलांडल्या की झालं. सीटवाला तोंडात दोन पिना धरून शिवत होता, आणि त्या असतानाही बोलत होता.

"बॅटरी? आपण त्या बॅटरीला हात लावत नाही. बारा वर्षांपूर्वी लावला होता. काढली आणि परत जोडली, सगळ्या गाड्यांना जोडतो तशी. कप्तानांनी माझी अशी अक्कल काढली की अजून कान गरम होतात. ती गाडी उलटी आहे, हे मी आता झोपेतसुद्धा सांगेन."

"काल कार्पेट लावताना काही दिसलं?"

"क्लॅम्प फाकवलेला दिसला. तीन वाजता, कार्पेट पसरायच्याही आधी. म्हटलं आज बाईंचा हात बिघडलेला दिसतोय. बोललो नाही. आपल्या धंद्यात दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवू नये."

"ठेवायला हवं होतंस," बाई म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर. साडेबारा व्हायच्या आत सगळं मिटवते."

सीटवाल्याने तोंडातून पिना काढल्या. "म्हणजे कुणी केलं ते कळलं?"

"कुणी केलं ते कळलं. कप्तान खोटं का बोलताहेत ते आता बघायचंय."

५

गॅरेजमध्ये पाच माणसं आणि एक गाडी एवढ्यांना जेमतेम जागा होती. मुलगी येऊन पोचली होती, शाळेच्या मधल्या सुट्टीत, खांद्याला पिशवी तशीच. चाळिशीची, नीटनेटकी बाई. आल्या आल्या तिने भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर सरळ केलं. काय झालंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कप्तान तिच्याकडे बघतच नव्हते.

"मी काही पोलीस नाही," टेस्टरबाई म्हणाल्या. "मी वायरी बघते. वायरींनी सांगितलं तेवढंच सांगणार."

त्यांनी बटण ओढून डायल दाखवले, काळे. हेडलाइट लावून अँमीटरचा उलटा काटा दाखवला.

"आजच्या गाड्यांत बॅटरीचं मायनस टोक गाडीच्या बॉडीला जोडतात. ही गाडी ज्या काळातली आहे तेव्हा काही ठिकाणी उलट करायचे. हिला बॉडीला प्लस लागतो. शनिवारी बाराला मी तसाच सोडला होता. आज तिथं मायनस आहे. साध्या बल्बला फरक पडत नाही, तो कसाही जळतो, म्हणून हेडलाइट लागले. पण एलईडीला दिशा लागते. उलटी वीज दिली की तो गप्प बसतो. माझे दिवे मेलेले नाहीत. बॅटरी उलटी जोडली आहे."

"पण डबीचा आणि याचा संबंध काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"डॅशबोर्डमागे हात घालायचा तर आधी बॅटरी सोडवायची, नाहीतर ठिणगी उडते. हे ज्याला माहीत आहे त्यानं ती सोडवली, डबी काढली आणि बॅटरी परत जोडली. जोडताना उलटी जोडली. म्हणजे विजेचं ज्ञान आहे, पण या गाडीचं नाही. आता बघा. मी आणि कप्तान हिला ओळखतो. सेक्रेटरी, तुमची स्वतःची गाडी हिचीच बहीण आहे, तुम्ही ही चूक करणार नाही."

सेक्रेटरींनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"सीटवाल्यानं ही चूक बारा वर्षांपूर्वी केली, आता परत करणार नाही. शिवाय त्यानं काल तीनला क्लॅम्प आधीच फाकवलेला पाहिला, आणि त्यानंतरचा डिंक मी तुमच्यादेखत सोडवला. मावशींना गाडीत बॅटरी कुठे असते तेही ठाऊक नाही. राहिली शनिवारची दुपार. वेळसुद्धा मला मिनिटापर्यंत माहीत आहे. कशावरून ते शेवटी सांगते."

"बाई, पुरे," कप्तान म्हणाले.

"अजून एक. जुन्या बॅटरीची दोन टोकं सारखी जाड नसतात. उलटं जोडायचं तर क्लॅम्प बसत नाही, फाकवावा लागतो. कुणी चुकून असं करत नाही. या माणसाला वाटलं की चूक माझी आहे. चोरून आलेला असतानाही त्याला ती चूक तशीच ठेववली नाही. कष्ट घेऊन त्यानं ती दुरुस्त केली."

मग मुलीने अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं, "म्हणजे ती तुमची चूक नव्हती?"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मला वाटलं, तुमच्याकडून घाईत झालं असेल," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "बाबा रविवारी गाडी सुरू करतील आणि काहीतरी जळेल. म्हणून फिरवून जोडलं. फार घट्ट होतं ते." मग तिने वडिलांकडे पाहिलं. "डबी मी घेतली. त्यात चोरी कसली? लहानपणी तुम्ही आईपासून सिगारेटी तिथंच लपवायचात. कपाटात नाही मिळालं तेव्हा आठवलं मला. पण हे सगळे इथं का जमलेत?"

"कारण," टेस्टरबाई म्हणाल्या, "त्या डबीतली हिऱ्याची अंगठी मी चोरली असं ठरलंय."

मुलीचा चेहरा उतरला. तिने उजवा हात पुढे केला. बोटात अंगठी होती. "आईची अंगठी? ती तर आई गेली तेव्हापासून माझ्या हातात आहे. बाबा, तुम्हीच घातलीत ना?"

६

"मग डबीत होतं काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"जुने कागद," कप्तान म्हणाले. "घरगुती. तुम्हाला त्याचं काय करायचंय?"

मुलीचा हात पिशवीकडे गेला. टेस्टरबाईंनी तो हलकेच अडवला.

"ताई, तुम्ही सांगू नका. ज्यांचं आहे त्यांनीच सांगू दे." त्या कप्तानांकडे वळल्या. त्यांना खूप राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "कप्तानसाहेब, तुम्हाला मुलीला विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून तुम्ही मला चोर केलंत. चाळीस वर्षांचं दुकान तुम्ही एका खोट्या अंगठीपायी बुडवणार होतात. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. फक्त गाडीत बसा आणि मी एवढ्या कष्टाने बसवलेलं घड्याळ किती वाजले दाखवतंय ते सांगा."

कप्तान गाडीत बसले. स्टिअरिंगवर हात ठेवले, मान पुढे केली. काच त्यांच्यापासून दोन फुटांवर होती.

"साडेबारा," ते म्हणाले. "साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असतील."

सीटवाल्याने आधी वाकून पाहिलं, मग सेक्रेटरींनी. दोघांनीही एकदमच पाय मागे घेतला.

"चार वाजून दहा मिनिटं," टेस्टरबाई हळू म्हणाल्या. रागाची धार गेली होती. "शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी बॅटरी सुटली, तेव्हा ते थांबलं. परत उलटी जोडल्यावर ते चालूच होणार नाही, त्यालाही दिशा लागते. म्हणून वेळ मला माहीत होती. आज सकाळी दहा वाजता तुम्ही म्हणालात की हे मिनिटाला बरोबर चालतंय. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर त्याच्याही आधी. तीन दिवसांत तीनदा तुम्ही मला दिवे वाढवायला लावलेत. 'अजून थोडा उजेड, बाई.' मी वाढवत गेले. डोळ्यांचं विचारलं नाही. तेवढी चूक माझी आहे."

कप्तानांचे हात स्टिअरिंगवरच होते. बाहेर कुठेतरी कुणीतरी बादली आपटली.

"मधोमध जे असतं ते दिसत नाही," ते शेवटी म्हणाले. "कडेचं दिसतं. रस्ता दिसतो, झाडं दिसतात. ज्याच्याकडे बघावं तेच तेवढं जातं. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणारं नाही. गाडी आजपासून बंद. मी तो कागद डबीत घातला."

"मी आज सकाळी त्या डॉक्टरांकडेच गेले होते," मुलगी म्हणाली. "शाळेत एक तास उशिरा पोचले. संध्याकाळी तुमच्याशी बोलणार होते. कसं बोलायचं तेच दोन दिवस ठरवत होते." तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही शाळेसमोरून गाडी घेऊन गेलात. सुटायच्या वेळी. मी गेटवर उभी होते. हात केला, तुम्ही पाहिलं नाहीत. मला वाटलं रागावलात."

शाळा सुटताना त्या गेटसमोर काय असतं ते कप्तानांना माहीत होतं. हीच मुलगी त्यांनी तिथून कितीदा आणली होती.

मग ते उतरले. दार हळूच लावलं.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "संध्याकाळी क्लबात सांगा. अंगठी नव्हती. मी खोटं बोललो, आणि बाईंवर आळ घेतला. नाही, थांबा. मीच येतो आणि सांगतो. मला तेवढं घेऊन चला." मग ते टेस्टरबाईंकडे वळले, त्यांच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत. आता त्या नजरेचं कारण बाईंना माहीत होतं. "बाई, माफ करा."

"करेन," बाई म्हणाल्या. "आज लगेच जमणार नाही. पण करेन."

त्यांनी पाना घेतला, फाकलेला क्लॅम्प काढून पिशवीतला नवा लावला आणि बॅटरी होती तशी, बॉडीला प्लस करून जोडली. बटण ओढलं. पाचही डायल एकदम उजळले आणि घड्याळाचा बारीक काटा धावू लागला.

"लागले?" कप्तानांनी विचारलं.

"लागले, बाबा," मुलगी म्हणाली. "छान दिसताहेत."

७

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, टेस्टरबाई त्या गॅरेजचं शटर धरून उभ्या होत्या. कप्तानांनी मुद्दाम बोलावलं होतं. माफीचं काम तोवर बरंचसं उरकलं होतं. क्लबात कप्तान सगळ्यांसमोर उभे राहून बोलले होते, आणि नऊच्या नऊ गाड्या बाईंकडेच राहिल्या होत्या.

बॅटरीला आता एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं होतं, बाईंच्या अक्षरातलं: 'बॉडीला प्लस. असंच बरोबर आहे. दुरुस्त करू नये.' मुलीने ते वाचलं, कानापर्यंत लाल झाली, आणि कार्ड जरा तिरकं लटकत होतं म्हणून सरळ केलं.

मग ती स्टिअरिंगमागे बसली. कप्तान शेजारच्या सीटवर, जिथे ते आयुष्यात कधी बसले नव्हते. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा घुरघुरत अंगणातून गल्लीत गेली आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन, वळून, परत दारावरून निघाली. दोघांचं बोलणं बाईंना स्पष्ट ऐकू आलं.

"पुढं चढ आहे," कप्तान सांगत होते. "दुसरा गिअर. डावीकडे खड्डा आहे, तो मला पाठ आहे. वेग किती झाला?"

"वीस."

"खरं सांगतेस?"

"मी खोटं बोलत नाही, बाबा. ते तुमचं खातं."

कप्तान मोठ्याने हसले. मग डॅशबोर्डकडे न बघता, हात पुढे करून त्यांनी घड्याळाच्या काचेवर बोटं ठेवली.

"आणि वाजले किती?"

मुलीने घड्याळ पाहून सांगितलं, आणि त्यांनी ते मान्य केलं.